मावशीच्या हाताखालची मुलं

विश्रांतवाडी,
१० जून २०२४

ती. मंदामावशीस,
नम्रताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझं-माझं बोलणं काही जमत नाही, आणि विश्रांतवाडीहून मांजरीला पोहोचेपर्यंत माणसाचं वय वाढतं, म्हणून आपलं पत्र.

तुझा पियानो सुखरूप पोहोचला. लिफ्टमध्ये मावला नाही, जिन्यावरून चढवला. आमचे चेअरमन हिंमतराव हमालांच्या मागून प्रत्येक मजल्यावर कठडा तपासत होते. पियानोमागोमाग तुझे विद्यार्थीही आले. तीस वर्षांचा क्लास तू माझ्या हाती सोपवलास, याचा मला अभिमान आहे. मुलं शिस्तीची आहेत. चपला ओळीत काढतात, नखं कापून येतात.

एक विचारू का? रागावू नकोस. ही सगळी मुलं इतकी जोरात का वाजवतात? अंगाईसुद्धा अशी वाजवतात की निजलेलं मूल उठून बसेल. पुस्तकातली ‘हळू’ची खूण दाखवली, तर यास्मिनने (मुलांत तीच मोठी) नम्रपणे सांगितलं की मॅडमकडे असं नव्हतं. हे वाक्य मी रोज इतकं ऐकते की त्याला चाल लावावी म्हणते. एका आईने विचारलं, जोरात वाजवण्याचे परीक्षेत वेगळे मार्क असतात का. असले तर उगीच हळू शिकवू नका. हिंमतरावांनी जिन्यात पाटी लावली आहे : ‘पियानो हे वाद्य आहे. कृपया त्यास तसेच वागवावे.’

तुझं काय ते सविस्तर कळव. लोभ आहे, तो या प्रश्नानंतरही राहावा.

तुझी,
नम्रता

—

मांजरी,
१९ जून २०२४

चि. नम्रतास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. माझी मुलं जोरात वाजवत नाहीत, स्पष्ट वाजवतात. तुला बटणाने आवाज कमी होणाऱ्या कीबोर्डची सवय, म्हणून खरा पियानो दचकवतो.

नवी शिक्षिका आली की पहिल्या आठवड्यात ती आधीच्या बाईंनी हात कसे बिघडवले ते सांगते. मीही दुसऱ्या क्लासमधून आलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला हेच सांगत आले. त्याने आपण हुशार दिसतो. पण हा प्रयोग परक्यांवर करायचा असतो, मावशीवर नाही. झेपत नसेल तर मुलं दुसरीकडे पाठव आणि पियानो परत कर. इथे सुदर्शनच्या घरी अकराव्या मजल्यावर तो चढणार नाही. खाली वॉचमनच्या केबिनशेजारी ठेवू. निदान तो कौतुकाने ऐकेल.

इकडे सगळं ठीक. सुदर्शन टीव्ही मुका करून बघतो, वीज वाचत असावी. सूनबाई चांगली आहे, पण तोंडातल्या तोंडात पुटपुटते. हल्ली कोणाला स्पष्ट बोलायचं वळणच राहिलेलं नाही.

लोभ आहे. वाढेल की नाही, ते तुझ्या पुढच्या पत्रावर.

मंदामावशी

—

विश्रांतवाडी,
२ जुलै २०२४

ती. मंदामावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं. काल यास्मिनला मी सांगितलं की मावशी माझ्यावर रागावली आहे, कदाचित पियानो परत न्यायला सांगेल. पियानोचं झाकण लावून ती जे बोलली, ते तुला कळायला हवं.

चार वर्षांपूर्वी ती तुझ्याकडे अंगाई वाजवत होती. तू खिडकीशी मटार सोलत होतीस. शेवटची ओळ तिने खुणेप्रमाणे अगदी हळू वाजवली, आणि तू विचारलंस की मध्येच का थांबलीस. ती थांबली नव्हती, मावशी, ती वाजवत होती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलालाही तू तेच विचारलंस. मग मुलांनी खाली जिन्यात बसून ठरवलं की मॅडमना काही बोलायचं नाही, सगळ्यांनी सगळं जोरात वाजवायचं. नवीन मूल आलं की त्यालाही हे जिन्यातच सांगितलं जाई. तुझ्यासमोर कोणी कधी चुकलं नाही, की तुझ्यामागे कोणी हसलं नाही. आणि मी महिनाभर त्यांना खूण वाचायला शिकवत होते.

तुला न सांगताही मी त्यांचे हात हलके केले असते. पण मग त्यांनी तुला कसं सांभाळलं, हे तुला कधीच कळलं नसतं. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. मी येते सोबत.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझी,
नम्रता

—

मांजरी,
९ जुलै २०२४

चि. नम्रतास,
अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. माझे कान माझे मी बघेन. घरी पाहुणे आहेत, सविस्तर नंतर.

मंदामावशी

—

मांजरी,
२६ ऑगस्ट २०२४

चि. नम्रतास,
अ. उ. आ.

पाहुणे कोणी नव्हते. तुझं पत्र वाचून मला आधी तुझा राग आला, मग मुलांचा. पोरांनी माझी कीव केली, असं वाटून दोन घास गेले नाहीत. मग आठवलं की त्या चार वर्षांत एकही मूल क्लास सोडून गेलं नाही, आणि बाई म्हणून माझ्यात एवढं काही नव्हतं.

डॉक्टरांनी यंत्र दिलं. त्यामुळे पहिला शोध लागला तो असा की सूनबाई पुटपुटत नाही. ती काय बोलते ते ऐकल्यावर आणखी थोडे दिवस थांबले असते तर बरं, असं वाटलं.

परवा तुझ्याकडे आले, तेव्हा मुलं गेल्यावर तू विचारलंस की यंत्र कानात असून मी गप्प कशी बसले. तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. मी दारात आले तेव्हा यास्मिन अंगाई वाजवत होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. चांगलं शिकवलंस गं. एकेक सूर मला नीट ऐकू आला, तिने बोट उचललं तेही कळलं. मग तिने मला पाहिलं. बाकीच्यांकडे एक नजर टाकली आणि दणक्यात सुरुवात केली. तिच्यामागून सगळ्यांनी तेच केलं. तुझी मेहनत पाण्यात जाताना तू बघत होतीस, आणि मी हसून मान डोलवत होते.

केसांखालचं यंत्र मुलांना दिसलं नव्हतं. यास्मिनची दुसरी ओळ सुरू झाली तेव्हा मी ते हळूच काढून पर्समध्ये ठेवलं. चार वर्षं त्यांनी माझ्यासाठी तसं वाजवलं, मला एक दुपार त्यांच्यासाठी तसं ऐकता आलं.

आता त्यांना सांगायला हवं. तू सांगू नकोस, रविवारी मीच येऊन सांगते. पोरं ओशाळतील, मीही ओशाळेन. चहा जरा जास्त टाक.

लोभ वाढला आहे, हे कळावे.

मंदामावशी