चार नंबरचं इंजिन

कुइबिशेव,
२४ ऑगस्ट १९८७

प्रिय साव्वा,

हे पत्र तुला मालयानातून आलेल्या लोकरी मोज्यांच्या जोडीत सापडेल, उजव्या मोज्यात. आधी डाव्यात हात घालून वैतागला असशील. चंद्रावर माणशी वीस ग्रॅम टपाल जातं आणि तेही कुणीतरी वाचून मगच पुढे सोडतं. मला यातलं काहीच नको होतं, म्हणून मोजे. हल्ली मी पॅकिंगच्या खोलीत असते. तिथे कशी पोचले ते पुढे येईलच.

तू रेडिओवर तीनदा विचारलंस म्हणे, की यान धडधाकट आहे, मी धडधाकट आहे, मग जुलैचं परतणं मार्चवर का गेलं. त्यांनी 'तांत्रिक कारण' सांगितलं आणि तू भडकलास. कारखान्यात असल्या गोष्टी जेवणाच्या सुट्टीआधीच सगळ्यांना ठाऊक होतात. खरं कारण मात्र मीच सांगायला हवं. थोडा धीर धर. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तू वीस वर्षं बघतोयस.

संध्याकाळी मी व्होल्गाच्या पायऱ्यांवर सूर्यफुलाच्या बिया खात बसते. ऊन अजून पाण्यावर असतं आणि पलीकडच्या टेकड्यांवर चंद्र दिसायला लागतो, फिकट, धुवून धुवून विटलेल्या कापडासारखा. शेजारच्या बायका त्याच्याकडे बोट दाखवून 'आमची माणसं' म्हणतात आणि लगेच टोमॅटोंकडे वळतात. मला वळता येत नाही. तू आत्ता झोपलायस की काम करतोयस, याचा हिशेब लावत मी बसून राहते. तुझी आठवण येते, फार येते. या वयात ते लिहायला लाज कसली?

एक स्वप्न मला परत परत पडतं. चौऱ्याहत्तरचा मे आठवतो? चार रॉकेटं पडून झाली होती, पाचवं तयार होतं आणि ते उडवायच्या आधीच कापून टाकायचा हुकूम येणार म्हणून आपण सगळे तोंड पाडून बसलो होतो. स्वप्नात तो हुकूम खरंच येतो. पाचवं उडत नाही. त्याच्या टाक्यांचे पत्रे कापून लोक डुकरांच्या गोठ्यांवर छपरं घालतात, आणि एक भलामोठा अर्धगोल बागेत उलटा टाकून त्याच्याखाली पोरंपोरी नाचतात. चंद्रावर कुणी म्हणजे कुणी नसतं. आणि तू माझ्या बटाट्याच्या वाफ्यात कंबर धरून उभा असतोस, कुदळीला शिव्या देत. मागे चहाचं पाणी उकळत असतं. सगळं इतकं संथ असतं की जागी झाल्यावरही मी थोडा वेळ तिथेच राहते. मग पाचवं उडालं, वस्ती झाली, तू वर आहेस, हे एकेक करून आठवतं. आपण सगळे हरलो होतो त्या जगासाठी मी रडते, साव्वा. कुणाला सांगायची सोय नाही.

आता मुद्दा. तुला ठाऊक असलेलंही लिहिते, कारण कबुली देताना काही गाळायचं नसतं. मोठ्या रॉकेटची नवी इंजिनं पुन्हा पेटवता येतात, पण तुमच्या परतीच्या छोट्या इंजिनाचं अजून जुनंच आहे, एकदा पेटलं की संपलं. म्हणून सहांच्या तुकडीतली दोन जंगलातल्या ठाण्यावर जाळून बघायची आणि ती नीट चालली की उरलेली चार न पेटवताच पास करायची. तपासलेलं उडत नाही आणि उडतं ते तपासलेलं नसतं. कुठली दोन जाळायची ते येव्सेयच्या कातडी टोपीत एक ते सहा नंबरांचे बिल्ले टाकून ठरायचं. बिल्ले काढायचे मी आणि साक्षीला म्हातारा येव्सेय.

ब्याऐंशी साली तू अंतराळपथकात गेलास, त्याच्या थोडं आधी जोडलेली ती तुकडी; बिल्ले तू गेल्यावर काढले. पहिला बिल्ला निघाला पाच. दुसरा निघाला चार. चार नंबर तू जोडलेलं शेवटचं इंजिन होतं. त्याच्या पंपाखाली तू नियम मोडून पेन्सिलीने माझं नाव लिहिलं होतंस, बारीक अक्षरात. ते मला जाळवेना. येव्सेय चष्मा शोधत होता, कपाळावर असलेला. मी चार परत टोपीत टाकला, पुन्हा हात घातला, दोन निघाला. दोन लिहिलं आणि सही केली. पाच आणि दोन छान जळली. पुढे तू वर जायला निघालास तेव्हा परतीसाठी हट्टाने चार नंबर बसवलेलंच यान मागून घेतलंस. म्हणालास, "स्वतः बांधलेल्यावर बसून घरी येईन." मी हसले, आणि त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

जूनमध्ये मला राहवेना. मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, एक बिल्ला काय आणि दुसरा काय, गणित तेच, गप्प बस. मी गप्प बसले नाही. त्या तुकडीतली तीन इंजिनं गोदामात होती, ती जाळा म्हणून रोज त्यांच्या दारात उभी राहिले. शेवटी जाळली. दोन चांगली चालली. तिसरं चाळिसाव्या सेकंदाला बंद पडलं. चार नंबर कदाचित उत्तम असेल, ते आता कधीच कळणार नाही. तुला त्याच्यावर बसू द्यायचं नाही, नवं यान मार्चमध्ये पाठवायचं, असं ठरलं. मला टोपीवरून काढून पॅकिंगला टाकलं. येव्सेय दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुका मासा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, अर्धी चूक माझ्या कपाळाची. तर तुला तिथे अडकवून ठेवणारी मी आहे. हवं तेवढं रागाव.

पण साहेबांकडे जायच्या आधी मी दुसऱ्या एका माणसाकडे गेले होते. तुझ्या आईकडे. ती तेव्हाच खूप थकली होती. तुला मात्र गुडघे दुखतात एवढंच कळवायची. जुलै हुकला तर पुढचं यान मार्चमध्येच, हे मला ठाऊक होतं; जुलैपर्यंत ती नक्की टिकेल, मार्चपर्यंत नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते. मी तिच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं, टोपी, बिल्ला, डॉक्टरसुद्धा. तुझा जुलै मला तिच्याकडून मागून घ्यायचा होता, आणि तिने तो दिला. साव्वा, ती दोन ऑगस्टला सकाळी गेली. मी जवळ होते. वर असलेल्याला वाईट बातमी द्यायची नाही अशी रीत आहे, म्हणून त्यांनी ती तुझ्यापासून लपवली, आणि तिच्या बोलण्याची ढब मला येते म्हणून तिच्या नावाने निरोप लिहायला मलाच बसवलं. गुडघ्यांचा आणि शेजारणीच्या मांजराचा, हे गेले दोन निरोप माझे होते. मांजरावर तू मोठ्याने हसलास असं मला येऊन सांगितलं गेलं. तिसरा माझ्याच्याने लिहवत नाही. यापुढे तिच्या नावाने काही आलं तर ते तिचं नाही असं समज. तिचा शेवटचा खरा निरोप हा आहे. चहाची बशी बाजूला ठेवून ती म्हणाली होती, "जा पोरी, सांगून टाक त्यांना. मी नसले तरी चालेल, तो आला पाहिजे."

मार्चमध्ये दार उघडायला घरी असेन,
तुझीच
रिम्मा