खिडकीवरची वेल

१२ मार्च
एकदाचं घर मिळालं! दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे बाग. शिलाई मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी लावलं. सुई ओवायला दिवा लागू नये, एवढा उजेड तिथे येईल. पण वेल छाटल्यावर. तिने खिडकी अर्धी गिळली आहे. घरमालकीणबाई म्हणाल्या, आधीच्या भाडेकरणीने तिला कधी कात्री लावू दिली नाही. किल्ली देताना हसल्या. आता तुम्ही आणि ती, बघून घ्या म्हणाल्या.
परीक्षा संपली की धाकटी बहीण इथेच राहायला येणार. तोवर घर राहण्याजोगं करायचं.

१५ मार्च
माळीकाका आले. बघून म्हणाले, बाई, ही वेल नाही, सासू आहे. सगळ्या घरात हिचे हात. खिडकीवरच्या फांद्या बुडाशी कापून टाका, असं त्यांचं मत. पण फांद्यांवर कळ्या होत्या, आणि फुलं म्हणजे धाकटीचा जीव की प्राण. मी म्हटलं, कापायच्या नकोत, बाजूला वळवून बांधू. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण बांधणी शिकवली. जी फांदी वाढवायची ती उजेडाकडे मोकळी सोडायची, बाकीच्या बांधायच्या. दोरी काचते, म्हणून कापडाची पट्टी. इंग्रजी आठासारखी: एक वेढा फांदीला, एक खिळ्याला. रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली की मोडते.
पट्ट्यांना शिंपिणीच्या घरी काय तोटा! चिंध्यांची टोपली भरलेलीच असते.

१९ मार्च
खिडकी मोकळी झाली. एक जाड फांदी फारच अडून बसली होती. गुडघा लावून ओढली. आतून कट्‌ असा आवाज आला आणि चीक मनगटावर उडाला. अजून खाज येते आहे.
धाकटीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ताई, तू माझ्या वेण्याही अशाच घालायचीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

२३ मार्च
दुपारी मशीनवरच डोळा लागला. जाग आली तेव्हा डाव्या मनगटाला निळी पट्टी होती. आठाचा वेढा. दुसरं टोक खिडकीच्या गजाला. सैल होती, सोडवली. झोपेत मीच बांधली असेन. दुसरं कोण आहे इथे?
कापडाची कात्री सापडत नाही.

२४ मार्च
खुर्चीतून उठता येत नाही. घोटे, कंबर, डावा हात. सगळीकडे माझ्याच पट्ट्या. उजवा हात तेवढा सुटा, वही मशीनवर त्याच्याशीच आहे. एका हाताने गाठ सुटत नाही. वेल गजांतून आत आली आहे, दाराच्या कडीवर तिचे वेढे आहेत. फोन स्वयंपाकघरात.

२५ मार्च
डावा हात कालच्यापेक्षा आज थोडा आणखी मागे ओढलेला आहे. दुखतं, पण बेताने. घाई नाही तिला. तोंडाशी पान येतं, पानात पाणी असतं. पिते.
उजवा हात मोकळा आहे. खिडकीकडे. बांधायचा राहून गेला असं वाटत होतं — मोकळा ठेवला आहे.

२६ मार्च
फोन वाजतो. धाकटीच. वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो —
मग वाजलाच नाही.

२७ मार्च
तोंडावर पट्टी. खिडकीवर पुन्हा पानं आली आहेत, फटीतून फाटक तेवढं दिसतं. मालकीणबाई फाटकाशी थांबल्या होत्या, बरोबर कोणीतरी. घुसमटत ओरडले. त्या वर बघून म्हणाल्या, नव्या बाईंनी छान निगा राखली आहे हो वेलीची. आणि गेल्या.
मान आता खिडकीकडेच —

२९ मार्च
गाडी थांबली. धाकटी. हातात बॅग. आत येऊ नकोस. गजांतून हात काढून हलवते — जा, मागे जा — तीही हात हलवते. हसते आहे. ताई, किती गं फुलं, म्हणाली. तिला वाटतं मी बोलावते आहे. फाटक लोटलं तिने. दारावरची वेल बाजूला होते आहे, आपण होऊन — वाट देते आहे तिला — धाकटे, मागे