तिसरा कौल

आबा, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आधी तुमचे हात आठवावे लागतात. हात मात्र लख्ख आहेत. काळे, बारीक, बेलाच्या काट्यांनी ओरखडलेले, आणि देवीच्या अंगाला फुलाची पाकळी लावताना एवढे हलके की पाकळीलाही कळू नये. देवी म्हणजे आपल्या डोंगराच्या पायथ्याचा शेंदूर फासलेला तांदळा. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता दगड. गावाला काही विचारायचं असलं की तुम्ही तो धुवायचा, ओल्या दगडाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक पाकळी लावायची, आणि सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मी परकर नेसत होते तेव्हा एकदा पाकळी अंगठ्यानं दाबून लावली, तर तुम्ही माझ्या हातावर फाडकन मारलंत. "पान्यानं धरंल तेवढीच धरू दे. अंगठा लावलास तर देवी न्हाई बोलत, तू बोलतीस." त्याच हातांनी तुम्ही मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलीत, गुरवाची पोर शिकून काय करणार असं आई म्हणत असताना. त्या अक्षरांवर मी आता पुण्यात एका साप्ताहिकात पोट भरते. उद्या दुपारपर्यंत लेख द्यायचा आहे: देवाधर्मावर टीका करायची मुभा माणसाला असावी की नसावी. असावी, हे मी डोळे मिटून लिहू शकते. पुष्कळदा लिहिलं आहे. आज सकाळी कागद पुढे घेतला आणि तुम्हालाच लिहायला लागले.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते ते वर्ष. गुरांना बुळकांडी लागली होती, गोठ्यागोठ्यातून घाण सुटली होती, आणि देवळापुढे बसून गाव ठरवत होतं की देवीला रेडा द्यायचा. बायका पाराच्या मागे, मी त्यांच्यात, पोट सांभाळत. तेवढ्यात मोठ्या लढाईवरून परत आलेला शिपाई उठला. बसऱ्याला त्यानं पलटणीची खेचरं सांभाळली होती. "आजारी गुरं येगळी बांधा," तो म्हणाला, "त्यांचं पानी येगळं करा. रेडा कापून काय हुतंय?"

"देवी कोपलीया," पाटील म्हणाले. "तिला रगत पायजे."

"मंग ती देवी कशाची? खाटीक बरा की. जनावराचं पैसं तरी देतो."

दोघं-तिघं खुदकन हसले. पाटलांनी मान वळवली तसं ते हसू त्यांच्या तोंडावरच वाळलं. रेडा कापला गेला. गुरं मरायची ती मेलीच, पण आता मेलेल्या प्रत्येक गुरामागे कारण सापडलं होतं: त्यानं देवीला नावं ठेवली म्हणून. ह्याला वाळीत टाका, असं पहिल्यांदा म्हणाले ते हसलेलेच. त्याच्या घरी कुणी विस्तव दिला नाही. न्हाव्यानं वस्तरा आवरला. लावणीला आपलं सगळं गाव एकमेकांच्या खाचरात उतरतं. त्याच्या खाचरात कुणी उतरलं नाही, भाताचं रोप जागच्या जागी पिवळं पडलं. पोरांनी त्याच्या अंगणात मेलेलं वासरू आणून टाकलं, आणि मोठी माणसं ते एकमेकांना सांगून हसली. तो बधला नाही. बधली त्याची आई.

म्हातारी आपल्याकडे आली आणि उंबऱ्याबाहेर बसली, कारण तिला आत घेता येत नव्हतं. "गुरवा, गावाचं ऱ्हाऊ दे. शिवी कुनाला दिली त्यानं, आईला ना? मंग तिलाच इचार, लेकराला पदरात घेती का." याला पाटीलसुद्धा नाही म्हणू शकले नाहीत. देवी काय सांगेल याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मला अजून दिसतंय. तुम्ही दगड धुताय. तगरीच्या पाकळ्या मीच खुडून दिल्या आहेत. तुम्ही मोठ्यांदा विचारता, "आई, त्यो बोलला ते पोटात घालतीस का?" देवळात एक माशी घोंगावते तेवढाच आवाज. उजवी पाकळी सुटते, घसरते, पडते. दाराबाहेर म्हातारीला हुंदका येतो. "पानी कमी पडलं," पाटील म्हणतात. "पुन्हा लाव." तुम्ही पुन्हा धुता, पुन्हा लावता. पुन्हा उजवी. आता कुणी कुणाकडे बघत नाही. मागून कुणीतरी म्हणतं, "म्हातारीनं गुरवाला काय चारलं का काय?" आणि पाटील, बाजारात वांग्याचा भाव विचारावा तसे, म्हणतात, "गुरवा, लेक कवा बाळंत हुतीया तुजी?"

तुम्ही तांब्या पुन्हा भरलात. तिसऱ्यांदा दगड धुतलात. डावी पाकळी पाण्यावर टेकवलीत. उजवीवर तुमचा अंगठा आला आणि थांबला. डावी पडली. सगळ्यांनी देवीच्या नावानं चांगभलं केलं. म्हातारीनंही केलं, आबा. तिनं तिथूनच जमिनीला डोकं टेकलं आणि म्हणाली, "तुजं खरं गं बया."

घरी चुलीपुढे तुम्ही भाकरी मोडत होता. मी म्हटलं, "तुमी अंगठा लावला."

"गप जेव."

"देवीनं दोनदा सांगितलं हुतं."

"देवी डोंगरात ऱ्हाती. मला गावात ऱ्हायाचंय." मग तुम्ही माझ्या पोटाकडे बोट केलंत. "पाटलानं सुईन येऊ दिली न्हाई तर ह्ये काय देवी येऊन सोडवनार हाय? तुज्यापायी केलं. आता ह्यावर तोंड उघडलंस तर तुला बी वाळीत टाकीन. मी सोता." आईनं माझ्या ताटात साय वाढली. मी ती खाल्ली.

सुईण आली. मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी तुम्ही ओसरीवर पत्रावळी लावत होता, जेवायला गाव येणार होतं. मी आतून, दाराच्या फटीतून बघत होते. वाटेनं तो शिपाई आला. पाठीवर त्याची आई होती, लुगड्यानं बांधलेली. तापानं गेली म्हणे. ताटी उचलायला कुणी आलं नाही, म्हणून लढाईतल्या जखमी गड्यासारखी तिला पाठीवर घेऊन तो नदीकडे निघाला होता. तिचे पाय त्याच्या पोटऱ्यांवर आपटत होते. आपल्या दारापुढे तो थांबला. "गुरवदादा, देवीला इचारा की. आता तरी प्वाट भरलं का तिचं?" तुम्ही मान वर केली नाहीत. पानाला काडी टोचलीत, पुढचं पान उचललंत, आणि मला म्हणालात, "दार लोटून घे. पोराला नजर लागंल." लाकडं त्याची त्यानंच रचली. पुढे तो गाव सोडून गेला. सारोळ्याला नीरेच्या पुलापाशी खडी फोडताना दिसला, असं मला कुणीतरी सांगितलं, आणि सांगणारा हसत होता.

तुम्ही वाईट माणूस नव्हता, असं आजवर मी स्वतःला सांगत आले. आज सांगवत नाही. पाटलांनी धमकी दिली, हे खरं. पण पत्रावळ बाजूला ठेवून तुम्ही उठला असता, एका हातानं तिचे लोंबते पाय धरले असते, तर गावानं काय केलं असतं? सुईण तर येऊन गेली होती. मूल जन्मलं होतं. मी देव मानत नाही. पाणी वाळलं की पाकळी पडते, यापलीकडे मला त्यात काही दिसत नाही. तरी कौलाच्या दिवशी त्या शिपायाच्या बाजूनं देवळात कोण होतं हे शोधायला गेले की मला तो दगडच सापडतो. हे लेखात कसं बसवायचं ते कळत नाही. भाविक चिडतील आणि माझ्या बाजूचे लोक हसतील.

एवढं लिहून झाल्यावर वाटलं, लेख कशाला, हेच छापायला द्यावं. आपलं संस्थान विलीन झालं, पाटील गेले, तुम्ही गेलात, कुणाला भ्यायचं? मग आठवलं की माझा मुलगा साप्ताहिक वाचतो. तो जगात सुखरूप यावा म्हणून काय केलं गेलं, ते त्याला माहीत नाही. प्रत्येक देवळापुढे तो हात जोडतो, आणि आजोबांच्या हाताला यश होतं असं लोकांना सांगतो.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मी पाटा उभा करून धुतला. कुंडीतल्या तगरीच्या दोन पाकळ्या त्यावर लावल्या, नुसत्या पाण्यावर, तुम्ही शिकवलंत तशा, आणि विचारलं, छापू का. उजवी पडली. पाटा पुन्हा धुतला. पुन्हा उजवीच पडली. तिसऱ्यांदा धुतला तेव्हा उजवी पाकळी मी अंगठ्यानं दाबून लावली. उद्या लेख दुसरा देते आहे.