अर्ध्या मिशीच्या खोळंब्याबाबत

प्रति,
मा. बंदोबस्त अधिकारी,
सभा व मिरवणूक शाखा,
पोलीस कार्यालय.

विषय : माननीय नेत्यांचे भाषण नक्की केव्हा आहे ते कळणेबाबत, न कळल्यास वस्तरा परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या हवालदारांचे तोंडी उत्तर, "बघू."

महोदय,

१. अर्जदाराचे सभेच्या मैदानासमोर केशकर्तनालय आहे. भाषणाच्या बंदोबस्तासाठी आसपासच्या दुकानांतील धारदार वस्तू ताब्यात घेण्याचा आपला हुकूम झाला. अर्जदाराची त्यास हरकत नाही. मोठ्या माणसांच्या जिवाला जपलेच पाहिजे. हवालदारांनी वस्तरा व कात्र्या नेल्या आणि भाषण संपल्यावर परत देऊ, असे सांगितले. तक्रार एवढीच, की ते आले तेव्हा खुर्चीत गिऱ्हाईक होते आणि त्याची डावीकडची अर्धी मिशी उतरलेली होती.

२. सदर गिऱ्हाईक साधेसुधे नव्हे. अर्जदाराच्या मुलीला सांगून आलेले ते स्थळ आहे. होणाऱ्या जावयाला आधी खुर्चीत बसवून त्याची दाढी करायची, अशी अर्जदाराच्या घरची रीत आहे, कारण वस्तरा गळ्याशी आला की माणूस खरा कसा आहे ते कळते. मुलगा शांत बसला. अर्जदाराला तो तिथेच पसंत पडला. मिशी मात्र मुलीला नापसंत असल्याचे दुकानामागच्या घरातून कळवण्यात आले, म्हणून ती काढायला घेतली होती.

३. तेव्हापासून मुलगा दुकानातच आहे. अर्ध्या मिशीने रस्त्यावर पाऊल टाकणार नाही म्हणतो. दुसऱ्याकडे पाठवावे, तर मैदानाभोवतीचे सगळेच कारागीर हातावर हात ठेवून बसले आहेत, शिवाय अर्धे काम परक्या हाती देणे अर्जदाराला मरणाहून वाईट. मुलगा बाकावर झोपतो. अर्जदाराची मुलगी ताट घेऊन येते, मधल्या दारातून त्याच्याकडे बघते आणि हसू आवरेना म्हणून पळ काढते. त्यामुळे होकार की नकार, ते कळायला मार्ग नाही. अर्जदाराची बायको म्हणते, "आधी त्या मिशीचं काय ते बघा, मग लग्नाचं बोलू." एवढा गुणी मुलगा हातचा जातो की काय, अशी अर्जदाराला धास्ती आहे.

४. भाषण केव्हा, हे अर्जदाराने सर्वत्र विचारून पाहिले. हवालदार म्हणाले, "वरून कळेल." पक्षाच्या कचेरीत म्हणाले, "साहेबांच्या चिटणिसांना विचारा." चिटणीस आधीच वैतागलेले होते. ते म्हणाले, "अहो, साहेब रोज कपडे करून तयार बसतात. माईकवालाच सापडत नाही, आणि कर्ण्यांच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात!"

५. येथे नमूद करणे भाग आहे की, सदर माईकवाला म्हणजेच अर्जदाराच्या खुर्चीतला मुलगा. तो माईकचे काम करतो हे ठाऊक होते. याच सभेचे करतो, हे त्याने संकोचापायी सांगितले नव्हते. म्हणजे भाषणाशिवाय वस्तरा नाही, माईकवाल्याशिवाय भाषण नाही आणि वस्तऱ्याशिवाय माईकवाला उठत नाही. घोडे कोणामुळे अडले, हे अर्जदार आपल्या तोंडावर सांगू इच्छित नाही.

६. तरी भाषणाची वेळ कळवावी, अथवा हवालदारांच्या देखरेखीखाली वस्तरा उर्वरित मिशीपुरता द्यावा. तेही नियमात बसत नसल्यास माननीय नेत्यांनी दुकानात येऊन, खुर्चीतल्या मुलासमोर, अगदी थोडक्यात भाषण करावे, म्हणजे हुकुमाप्रमाणे भाषण संपले असे धरता येईल. बाक झाडून ठेवला आहे.

आपला नम्र व तूर्त बेकार,
(सही) मैदानासमोरचे आरसेवाले मामा
दिनांक : भाषणाचा आदला दिवस असावा

सोबत : अर्धी मिशी (डावी), कागदाच्या पुडीत, पुराव्यादाखल.

ता. क. : अर्ज पाकिटात घालत असताना मुलगी ताट घेऊन आली. आज हसली नाही. मुलाला म्हणाली, "चला. मी तुमच्या डाव्या बाजूने चालते, कुणाला दिसायचं नाही." दोघे मैदानात गेले. आत्ताच कर्णे सुरू झाले. मुलाने "हॅलो, हॅलो" करून पाहिले, मग म्हणाला, "मामा, ती हो म्हणाली." सगळ्या मैदानाने ऐकले. बायको स्वयंपाकघरातून डोळे पुसत बाहेर आली. तरी माननीय नेत्यांचे भाषण आता केव्हाही असो. मला जे ऐकायचे होते, ते ऐकून झाले.