ब्लीचमधली फुलपाखरं

रविवार, ४ जून
टाकाऊतून कला. वर्गाचा शुभारंभ. अपेक्षा तीस मुलांची, आली आठ. हरकत नाही. छत्तीस वर्षं गोदामात भंगाराच्या नोंदी केल्या. काय ठेवायचं, काय काढायचं हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मुलांनी घरून बाटल्यांची झाकणं आणली. सगळ्यांनी झाकणंच. दोन तासांत एक कासव झालं, तेही एकाच्या आईने घरून करून दिलेलं.
संकल्प: साहित्य मीच पुरवणार.

बुधवार, ७ जून. सकाळी ११
सापडलं! जुने एक्स-रे ब्लीचमध्ये भिजवले की काळा थर सुटतो आणि खाली काचेसारखं स्वच्छ प्लास्टिक उरतं. रंगवून कापलं की खिडकीत लावायला फुलपाखरं. कपाटावरच्या पाकिटात हिच्या छातीचे चार निघाले, दोन वर्षांपूर्वीचे. तो खोकला केव्हाच गेला. ही भाजी आणायला गेली तेवढ्यात बाथरूममध्ये बादली भरली. विचारायला हवं होतं का? प्रत्येक गोष्ट विचारत बसलं की कामं खोळंबतात.
आल्यावर म्हणाली, कसला वास? बाथरूम घासतोय, म्हटलं. लग्नानंतर प्रथमच घासत असेन, पण तिला काही संशय आला नाही.

रविवार, ११ जून
प्रचंड यश. सोळा फुलपाखरं. वर्गात एक मुलगी आहे, तिला मी मनात 'प्रश्नपत्रिका' म्हणतो. तिने विचारलं, सर, हे एक्स-रे कोणाचे होते? त्यांना परत लागले तर? म्हटलं, रंगाकडे लक्ष दे. हिने मुलांना सरबत दिलं, मग बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. तिला कलेची गोडी लागतेय.

सोमवार, १९ जून
हिला पुन्हा खोकला. हवा बदललीय, दुसरं काय.
संकल्प: हिला वाफ देणे. प्रदर्शनासाठी हॉल बघणे. (हॉल बघितला. छान आहे.)

शुक्रवार, ३० जून. दुपारी
वाफेने भागलं नाही. नव्या एक्स-रेत फुप्फुसावर डाग. डॉक्टर म्हणाले, जुने आणा. डाग तेव्हाही एवढाच असेल तर जुना व्रण, काही करायला नको. नाहीतर छातीत सुई घालून तुकडा तपासावा लागेल. माझी पाचावर धारण बसली. मी पंख्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात हीच म्हणाली, आवराआवरीत माझ्याच हातून कुठेतरी गेले. जीव भांड्यात पडला. बिचारीला खरंच तसं वाटतंय.
परतताना सांगणार होतो. बसमध्ये फार गर्दी.

मंगळवार, ४ जुलै
लॅबला गुपचूप फोन केला. ते प्रती वर्षभरच ठेवतात. हा काय कारभार? लोकांच्या तब्येतीची कोणाला पर्वाच नाही. स्कॅन झाला, त्यावरूनही नक्की सांगता येईना. परवा सुई.
संकल्प: उद्या सकाळी चहाच्या वेळी सगळं सांगून टाकणे.

बुधवार, ५ जुलै
चहाच्या वेळी मेव्हणी आली. तिच्यासमोर कसं बोलणार? दुपारी ही झोपली होती. संध्याकाळी स्वतःच टीव्ही बंद करून समोर बसली. म्हणाली, अहो, काही बोलायचंय का? म्हटलं, प्रदर्शनाचं निमंत्रण कुठल्या रंगात छापू? पिवळ्या, म्हणाली, आणि उठून कपड्यांची बॅग भरायला गेली.

गुरुवार, ६ जुलै
सुईने फुप्फुसाला भोक पडलं. छातीत हवा भरली. बरगड्यांमधून नळी घातलीय. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं. तिला बोलताना धाप लागते. मला फार भीती वाटतेय.

सोमवार, १० जुलै. हॉस्पिटल
रिपोर्ट आला. जुना व्रण. सुईची गरजच नव्हती. नळी अजून आठवडाभर. वर्ग बंद केल्याचं पालकांना कळवलं.
मी धावत जाऊन हिला आनंदाची बातमी दिली. तिने ऐकून घेतलं. मग एकेका शब्दाला थांबत म्हणाली, बादलीत काय भिजतंय ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. सुई टोचेपर्यंत थांबले.
मी म्हटलं, अगं, सांगणारच होतो.
नव्हतो.