गरुडाच्या जागी कावळा

मेहकर,
मार्गशीर्ष वद्य तृतीया

चि. सौ. भगिनी सत्यभामा हीस अर्जुनरावाचे अनेक शुभाशीर्वाद.

श्रीकृपेने येथील सर्व क्षेम आहे. देऊळगाव राजास बालाजीच्या दर्शनाला निघालीस की तुझा गुडघा अजूनही आडवा येतो काय, ते कळवावे.

आपल्या अनुपमेला (आईवडील नोकरीनिमित्त परगावी, म्हणून नात मजपाशी) नववीच्या वर्गात स्वतःच निवडलेल्या विषयावर प्रकल्प करावयाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने केवळ प्रश्न विचारावेत व चित्रे काढावीत, कथा मात्र मुलांनी रचावी, असा शाळेचा नियम. मला तो उपनिषदांच्या रीतीस धरून वाटला. (हसावयाचे तर हस.)

तिने विषय घेतला गरुड. मोबाइलला आपल्या बोलीत आज्ञा केली, "विष्णूपाशी गरुड काऊन बसते, त्याचं चित्र काढ." 'काऊन' म्हणजे 'का', हे त्या यंत्रास ठाऊक नसावे. त्याने शेषशायी भगवंताच्या चरणांशी गरुडाऐवजी धष्टपुष्ट काऊ बसवला! शनिदेवाचे वाहन, आणि तेही वैकुंठात! मी नुकताच स्नान करून आलो होतो, तो पुन्हा स्नानास गेलो.

परतलो तेव्हा पोरगी पोट धरून हसत होती. "आबा, त्याले हाकलू नका! हा सगळ्याइले 'काऊन' विचारणारा कावळा हाय!" यंत्राने तिला विचारले, पहिला प्रश्न तो कोणास करील? तिने तत्काळ लिहिले. कावळा गरुडास म्हणतो, "देव सदा तुह्या पाठीवर, मंग तुले त्याचं तोंड दिसते कधी?"

सत्ये, साठ वर्षे पुराणे वाचली, हा प्रश्न मला शिवला नाही. मी चष्मा पुसण्याचे निमित्त केले.

सोमवारी प्रकल्प द्यावयाचा आहे. यंत्राचे प्रश्न व चित्रे वगळता कोणाचेही साहाय्य घेतले नाही, अशा पत्रावर घरच्या वडीलधाऱ्याची सही नसेल, तर तो स्वीकारला जाणार नाही.

तुझा,
अर्जुनदादा

ता. क. रविवारच्या बसने येऊन ती सही तू करावीस. यंत्राने मर्यादा पाळली, मी पाळली नाही. गरुडाचे उत्तर म्हणून अनुष्टुभ छंदातले सोळा श्लोक मी तिच्या वहीत गुपचूप लिहिले. आता खोटी सही कोणत्या तोंडाने करू?

पुन्हा ता. क. अनुपमा आत्ताच वही दाखवून गेली. सोळाही श्लोक खोडले आहेत. त्यांच्या जागी एकच ओळ: "गरुड गप्प झाला." सही मीच करतो. तू मात्र अवश्य ये. श्लोक कोणाला तरी ऐकवावयाचे आहेत.