ग्रीनलंडचं घर, तुमचा रंधा

अण्णा,

तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी आज तुमचा इतका राग आलाय की हे लिहायला बसलो. मी आयर्लंडमध्ये, ड्रोहेड्याला, तुमच्या नातवाकडे आहे. थोडे दिवस म्हणून आलो आणि कोरोनाने विमानं थांबवली. आता दाराची बेल वाजली तरी मी आधी मास्क शोधतो. कॉलेज बंद, म्हणून तुमच्या पणतीचा वर्ग स्वयंपाकघराच्या टेबलावर भरतो. ती ग्रीनलंडची भाषा शिकते. एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोर माझ्यासाठी मोडकं मराठी बोलते.

"आजोबा, इल्लू म्हणजे घर. इल्लोर्सुआक, मोठं घर. इल्लुलिओर्पोक, तो घर बांधतो. इल्लोकार्फिक, जिथे घरं आहेत ते. गाव."

"पुढून नाही का जोडत?"

"नाही, सगळं मागून. आणि जोडताना आधीचं टोक बदलतं. बघा, इल्लूचं इल्लो झालं."

"तासावंच लागतं. नाहीतर जोड बसत नाही."

"ग्रँड, आजोबा. तुम्ही पास."

पास म्हणाली आणि मला तुमचा सुतारकामाचा कारखाना दिसला. मी पाचवीत आहे. मास्तरांनी 'माणूस'ला मागे 'की' जोडून 'माणुसकी' केलं, ते सांगायला पळत आलोय. तुम्ही फळीवर रंधा मारताय. माझं वाक्य अर्धंच होतं. तुम्ही नुसता घसा खाकरलात, तशी सगळी माणसं गप्प झाली. "शब्दांनी चूल पेटते का? उद्यापासून रंधा धर." मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मास्तर घरी आले, तर त्यांना पाटाचं माप विचारून परत पाठवलंत. अण्णा, मला ती शाळा हवी होती हो.

काल जेवताना पोर म्हणाली, पुढेही हीच भाषा शिकणार. मुलगा इथल्या कारखान्यात इंजिनियर आहे. तो म्हणाला, "त्या भाषेवर पोट भरणार का तुझं? बास झालं. बाबा, तुम्हीच सांगा हिला." थोरल्याचा शब्द शेवटचा, ही रीत तुमचीच. पोर माझ्याकडे बघत होती. याच्याच घरात राहतो, याचंच खातो, हा चिडला तर जायचं कुठे? तरी म्हणालो, "तिला शिकू दे."

"बाबा, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"कळू दिलं नाही मला कुणी. तिला कळू दे."

पोर माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढून गेली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको आहे. बोलण्याआधी मी घसा खाकरला होता, अगदी तुमच्यासारखा. मुलाने हातातला घास खाली ठेवला आणि मान खाली घातली, जशी मी घालायचो. आणि मला बरं वाटलं.